झोपू द्या त्यांना

रविवारी चर्चमधून आल्यावर सिओएलीने नेहमीसारखी जमिनीतली भट्टी पेटवली, पण तापाने त्याला दगडही उचलवेनात. सोमवारी न्यूमोनियाने श्वास कोंडला. तोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या इस्पितळात, अतिदक्षता विभागात त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं. त्याची मुलगी लूसेआने त्याच विभागात नर्स होती.

चौथ्या दिवशी तरुण डॉक्टर म्हणाला, "आता गुंगीचं औषध रोज थोडा वेळ थांबवू. जमतील तेवढे श्वास त्यांना स्वतः घेऊ देत. छातीखालचा श्वासाचा स्नायू नुसता पडून राहिला की झिजतो."

औषध थांबलं. सिओएली जागा झाला, हात झाडू लागला. डोळ्यांतून पाणी वाहिलं.

"बंद करा हे!" पेसालिली कडाडली. ती सिओएलीची थोरली बहीण. आत्याच्या शब्दापुढे तोंगातल्या कुठल्या घरात कोण जातं? "यंत्र काय शोभेला आणलंय? लूसेआने, सांग ह्याला!"

लूसेआनेला सगळं ठाऊक होतं. इतरांच्या वडिलांना ती रोज असंच जागं करत होती. खाली बघत ती म्हणाली, "झोपू द्या त्यांना."

डॉक्टरने जास्त ताणलं नाही. झोपलेला रुग्ण विभागालाही सोयीचाच असतो. रोज सकाळी तोच प्रश्न, रोज तेच उत्तर.

चौदाव्या दिवशी फुप्फुसं स्वच्छ झाली. यंत्राचा आधार काढून पाहिला, तेव्हा सिओएली टक्क जागा होता, मुलीकडे बघत होता. पण श्वास घेताना पोट जेमतेम हललं; तो स्नायू झिजला होता. यंत्र पुन्हा लावावं लागलं. तीन आठवडे हेच चाललं. मग नवा जंतुसंसर्ग झाला आणि तो गेला.

मयताला रिवाजाप्रमाणे भेटीच्या चटया घेऊन सगळं गाव आलं. भावाच्या उशाशी, मानाच्या जागी बसलेली पेसालिली म्हणाली, "देवाची मर्जी."

"देवावर नका घालू, आत्या." लूसेआनेचा आवाज फाटला. "आजार बरा झाला होता. बाबांना श्वास आपण घेऊ दिला नाही. मला माहीत होतं."



"मग तेव्हा का नाही बोललीस?" आत्याने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"तुम्ही आत्या होतात म्हणून."

पुढच्या महिन्यात विभागात एक तरुण बाई यंत्रावर होती. डॉक्टरने औषध थांबवायला सांगताच तिची सासू आडवी आली. "नका हो छळू पोरीला!"

"त्रास होईल तिला," लूसेआने म्हणाली. "पण हे करायलाच हवं. तुम्ही तिचा हात धरा, मी इथून हलत नाही."

सासू कुरकुरत बसली, हात धरला. बाईची छाती स्वतःहून वर आली.

लूसेआने श्वास मोजू लागली आणि तिला रडू फुटलं. एवढंच तर तेव्हा बोलायला हवं होतं.