मिरच्या वाळवायच्या जाळ्या

पैज लागली ती बचुच्या लोच्याच्या गाडीपाशी, आणि लागली ती कमुबेनच्या तोंडामुळे. बेगमपुऱ्यातल्या त्या गल्लीत सकाळी जो तो हातात लोच्याची, म्हणजे ढोकळ्याच्या मऊ वाफाळ लगद्याची, बशी घेऊन उभा असतो, दोन्ही बाजूंना माग खडखडत असतात, आणि त्या खडखडाटावर आवाज चढवून एकमेकांची उतरवल्याशिवाय अख्ख्या सुरतेत कुणाला नाश्ता पचत नाही.

नगीनभाय खत्री वरच्या मजल्यावर राहायचा, खाली त्याचा कारखाना. कमु समोरच्या खोलीत राहायची आणि त्याच्याच कारखान्यात मशीनवर मागांसाठी दोऱ्याच्या कांड्या भरायची. म्हणजे सकाळी दोघं शेजारी, भोंगा झाला की शेठ आणि बाई. भांडण दोन्ही पाळ्यांत चालू.

त्या दिवशी नगीनभायनं तोंडात घास असताना वर बघून बायकोला हाक मारली, "इंदु! मिरच्यांवर कबुतरं बसतायत!"

कमुनं वर पाहिलं. गच्चीच्या कठड्यावर लोखंडी जाळ्या उताण्या टाकलेल्या आणि त्यात लालभडक मिरच्या पसरलेल्या. कांडी मशीनचे पट्टे आणि चाकं झाकायच्या जाळ्या होत्या त्या. सरकारी साहेब तपासणीला येणार अशी कुणकुण लागली की मिरच्या झटकून जाळ्या खाली यायच्या, स्क्रू पिळले जायचे, साहेब चहा पिऊन जायचा, आणि साहेबाचा कप विसळायच्या आत जाळ्या परत गच्चीवर.

"वा शेठ," कमु म्हणाली, "मिरच्यांची केवढी काळजी! आम्ही बायका मिरच्या म्हणून जन्माला आलो असतो तर आमच्याखाली पण जाळी आली असती."

"तू मिरचीच आहेस," नगीनभाय म्हणाला. "जाळी लावली की दर तुटल्या दोऱ्याला उघडा, दर दोऱ्याला बंद करा. कांड्या कोण भरणार, तुझा बाप? आणि मशीन कुणाला खात नाही, कमुडी. बेसावध माणसाला खातं. मी या मागांत रांगलोय. माझा एक केस गेला नाही."

"जायला केस हवा ना डोक्यावर!"

गल्ली हसली. बचुच्या हातातला झारा थरथरला. नगीनभायचं टक्कल तांबडं झालं.

"बोटं वर करून दाखव जरा सगळ्यांना," तो म्हणाला. "बेसावध कोण ते कळेल."

हे त्यानं बोलायला नको होतं. कमुच्या डाव्या हाताची करंगळी गेल्या होळीच्या आधी त्याच मशीनच्या पट्ट्यानं अर्धी नेली होती. आणि तेव्हा हा माणूस दारातून ओरडला होता ते तिला पाठ होतं: "अरे, त्या कांड्या बाजूला करा, रक्त लागलं तर माल जाईल!"

कमुनं बशी गाडीवर ठेवली. "लावा पैज. चंदी पडव्याच्या आत हे मशीन तुमचं काहीतरी खाणार. खाल्लं, तर सगळ्या जाळ्या खाली आणून मशीनला बसवायच्या, त्या पुन्हा वर चढायच्या नाहीत. आणि पडव्याला गल्लीच्या तोंडाशी बसून सगळ्यांना घारी वाढायची. डोक्यावर जाळी घालून."

"आणि नाही खाल्लं तर?"

"मग कमुबेननं वर्षभर कारखान्यात तोंड उघडायचं नाही," बचु म्हणाला.

यावर जो काही हशा झाला त्यानं वरची कबुतरं उडाली. नगीनभायचे डोळे चमकले. कमु गप्प! असा कारखाना त्यानं स्वप्नातसुद्धा पाहिला नव्हता. "मंजूर! हूं का चूं नाही. मी बोलणार, तू नुसती मान हलवायची. टाळी दे!"

कमुनं टाळी दिली, मुद्दाम डाव्या हाताची.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, सुरतेत खव्याची तुपाळ घारी खातात, पण घारीची तिला पडली नव्हती. दिवाळीनंतर लाभपाचमेला मुहूर्त करून तिची सून दक्षु त्याच मशीनवर बसायची होती. दक्षुची वेणी गुडघ्यापर्यंत. पोरगी गुणाची, पण चालताना वेणी शेपटीसारखी इकडून तिकडे. तिच्याआधी जाळ्या खाली यायला हव्या होत्या. आणि पैज हरली तर "वेणी सांभाळ!" एवढंसुद्धा ओरडायची सोय राहणार नव्हती. घरी आल्यावर हे कमुच्या ध्यानात आलं, आणि तिनं स्वतःच्याच तोंडाला अशी काही शिवी घातली की दक्षु चपाती लाटता लाटता दचकली.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. नगीनभाय मशीनपाशी येईना. आधी दर कांडीला येऊन डोकं खाणारा माणूस आता दारातल्या खाटेवर बसून ओरडायला लागला. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत, गळ्यातली सोन्याची साखळी घरी. आत जायची वेळ आलीच तर भिंतीला पाठ घासत खेकड्यासारखा आडवा चालायचा.

"शेठ, जरा इकडे या," कमु गोड आवाजात म्हणायची. "मशीनमधून कसलासा वास येतोय."

"तूच घे वास! तुझं नाक मोठं आहे!"

"पट्टा सैल झालाय, बघून तरी जा."

"इथून दिसतोय मला!"

"बेसावध माणसालाच खातं ना? मग तुम्ही का पालीसारखे भिंतीला चिकटता? मशीनला जाळी नाही लावायची, आणि स्वतःभोवती अख्खा कारखाना लावलाय!"

माग चालवणारे ओडिया कारागीर खाली मान घालून हसायचे. नगीनभायनं सूड घेतला. कमुच्या डोक्यावरचा पंखा बंद केला, स्टूल कोपऱ्यात ढकललं. "गप्प बसायची सवय कर आतापासून. पडवा जवळ आलाय."

मग एका दुपारी त्यानं दक्षुला बोलावून घेतलं. कमु डबा धुवायला गेली होती. परत आली तर सून मशीनसमोर बसलेली आणि शेठ दारातून शिकवतोय, "हां, वाक, वाक अजून. दोरा तुटला की तिथून घ्यायचा."

दक्षु वाकली. वेणी खांद्यावरून पुढे घसरली आणि धावत्या पट्ट्याच्या वर वितीभरावर झोके घ्यायला लागली.

कमुनं डबा टाकला, वेणी मुठीत धरली आणि अशी खेचली की पोरगी स्टुलासकट मागे आडवी झाली. "ओ बा!" दक्षु कळवळली. सासूला ती बा म्हणायची.

"बघ दक्षु," नगीनभाय दारातून खदखदला, "मशीनपेक्षा सासू डेंजर!"

कमु काही बोलली नाही. तिनं दक्षुच्या वेणीचा घट्ट अंबाडा बांधला. ती बोलली नाही हे बघून नगीनभाय आणखी खूश झाला, त्याला वाटलं सराव चाललाय.

बचुच्या गाडीवर आता सगळे शेठच्या बाजूनं होते. पडवा तोंडावर, आणि शेठ तर मशीनच्या वाऱ्यालाही उभा राहीना. पण मध्ये दसरा होता, आणि दसऱ्याला कुणाचंच चालत नाही. मशीनची पूजा शेठनंच करायची, नाडाछडीचा लाल दोरा शेठनंच बांधायचा, आणि पहिलं मशीन शेठच्याच हातानं चालू व्हायचं. भटजी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

दसऱ्याला कारखाना धुऊन पुसून चकचकीत. मागांना गोंड्याच्या फुलांच्या माळा. पाटावर कारखान्यातली सगळी हत्यारं मांडलेली: पाने, पकडी, पेचकस, कात्र्या, इंदुबेनच्या स्वयंपाकघरातली सुरीसुद्धा. नगीनभायचा दंडक होता, पूजेत मांडलेल्या हत्याराला संध्याकाळच्या आरतीपर्यंत कुणी शिवायचं नाही. कमुची गळ्यातली दोरे कापायची चिमुकली कात्री तेवढी पाटावर नव्हती. ती कमुची स्वतःची होती आणि शेठच्या पाटावर ठेवायला ती काही वेडी नव्हती.

नगीनभाय उतरला तो उपरणं घेऊन. ते उपरणं गल्लीला माहीत होतं. बापाचं, खऱ्या चांदीच्या जरीचं, आता असं काम होत नाही, असं तो लग्नालग्नात ऐकवायचा. पण आज त्यानं ते नीट गळ्याभोवती घेऊन घट्ट गाठ मारली होती, कुठेही काही लोंबायला नको म्हणून. कमुकडे बघून हसलाही. नाडाछडीचा गुंडा हातात राहीना, म्हणून तो त्यानं उपरण्याच्या पुढच्या टोकात बांधून टाकला.

भटजी मंत्र म्हणत होते. नगीनभायनं कांडी मशीनच्या दांड्याला दोरा बांधला आणि तो न तोडता पुढच्या मागाकडे निघाला. दसऱ्याचा दोरा मध्ये तोडायचा नाही, बरकत तुटते, असं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गुंडा सुटत गेला, दोरा मागून मागाला फिरला आणि प्रदक्षिणा संपवून शेठ परत कांडी मशीनपाशी आला. अंगावर कुठे काही सैल नाही हे त्यानं दोनदा चाचपून पाहिलं. कुंकू लावलं, नारळ फोडला, "बोलो अंबे मातकी" झालं आणि बटण दाबलं.

दोऱ्याचं एक टोक दांड्याला, दुसरं त्याच्या उपरण्यात. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण अख्ख्या सुरतेत कुणाच्या आलं नसतं.

दांडा फिरला. लाल दोरा सर्रकन गुंडाळला गेला, मग गुंडा गेला, मग गुंड्यामागून उपरण्याचं टोक, आणि त्यामागून नगीनभाय. "अरे अरे अरे" एवढंच ऐकू आलं. दोन्ही हात मशीनवर टेकून तो मागे रेटत होता आणि टक्कल पट्ट्याकडे चाललं होतं.

मशीन थांबलं. कमुनं भिंतीवरचा मोठा खटका पाडला होता. करंगळी गेल्यापासून ती कुठेही उभी राहायची ती खटक्याच्या हाताभरात.

भटजी तेवढे पुढच्या मंत्रावर गेले होते.

नगीनभाय मशीनला गळ्यानं बांधलेला, गाल पट्ट्यापासून चार बोटांवर. गाठ इतकी आवळलेली की नखही जाईना. दारात गल्ली जमली. बचु झाऱ्यासकट हजर.

"खाल्लं!" बचु ओरडला. "कमुबेन जिंकली!"

"कुठे खाल्लं?" नगीनभाय वाकल्या वाकल्या गुरगुरला. "पैज काय होती? माझं काही खाल्लं तर! उपरणं बापाचं आहे! हरली कमुडी! आता कात्री काढ आणि काप हे."

कमुनं गळ्यातली कात्री हातात घेतली. मग ओठांवर बोट ठेवलं आणि शांत उभी राहिली.

"काप म्हणतो ना!"

कमुनं मान हलवली. आडवी.

"शेठ, हरली ना ती," बचु म्हणाला. "आता वर्षभर बोलायचं नाही तिनं."

"कापायला तोंड लागतं का? इंदु! सुरी आण!"

"सुरी पूजेत आहे," इंदुबेन शांतपणे म्हणाली. "तुम्हीच मांडायला लावलीत. आरतीपर्यंत शिवायचं नाही."

कमुनं आधी गच्चीकडे बोट दाखवलं, मग दक्षुच्या वेणीकडे, मग मशीनकडे.

दक्षु पदर सावरत पुढे झाली. "शेठ, बा विचारतायत, हे मशीन कुणाचं?"

"बापानं घेतलेलं! सगळ्यांना माहीत आहे!"

"मग उपरणं बापाचं, मशीन बापाचं, मान तेवढी तुमची. तर मान खाईपर्यंत थांबायचं का, असं बा विचारतायत."

कमुनं एवढं काही विचारलं नव्हतं. पण सून चांगली निघाली, हे तिला त्या क्षणी पटलं.

"थांबा," इंदुबेन खटक्याकडे सरकली. "जरा चालू करून बघू का? सुटेलही. सावध माणसाला काही होत नाही म्हणे."

"इंदु! हात लावू नको! इंदु!" नगीनभायचा आवाज एकदम पातळ झाला. "हरलो! मी हरलो! जाळ्या लावतो! काप गं बाई!"

कात्री कचकन चालली. नगीनभाय मागे जाऊन गोंड्याच्या माळेत पडला. उठला, मान चोळली, श्वास घेतला, आणि मूळ स्वभावावर आला. "हे काही खरं नाही! गळा धरून कबूल करून घेतलंत! उपरणं बापाचं ते बापाचंच!"

कमुनं हातातला तुकडा उजेडात धरला. जिथे कात्री चालली होती तिथून जरीचं एक टोक उसवून वर आलं होतं. तिनं ते नखानं सोललं. आत तांबं नाही, चांदी नाही. पिवळी चकचकीत प्लास्टिकची पट्टी. तुकडा हातोहात दारापर्यंत गेला. त्या गल्लीत जरीवाल्यांची घरं चिक्कार, प्रत्येकानं नखानं सोलून पाहिला.

"शेठ," कमुनं तोंड उघडलं, "तुमच्या बापाच्या जमान्यात प्लास्टिकची जर निघाली होती का हो? की हे तुम्हीच बाजारातून आणलंत? मग मशीननं खाल्लं ते तुमचंच."

नगीनभायनं इंदुबेनकडे पाहिलं. इंदुबेन गच्चीवर मिरच्या काढायला निघून गेली होती.

चंदी पडव्याला दिवेलागणीला सगळी सुरत चटया घेऊन रस्त्यावर आली. गल्लीच्या तोंडाशी घारीचे डबे आणि भुसूची, म्हणजे फरसाणाची, परात मांडून नगीनभाय बसला होता. बाकीच्या जाळ्या मशीनला बसल्या होत्या. पट्ट्याची तेवढी त्याच्या डोक्यावर होती, हनुवटीखाली नाडाछडीनं बांधलेली. बांधली होती दक्षुनं. जाळीत मिरचीचं बी अजून अडकलेलं होतं, त्यामुळे दर घारीमागे शेठ शिंकत होता. पलीकडच्या गल्लीतली माणसंसुद्धा रांगेत उभी होती, आणि त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती, कारण "सगळ्यांना" असं पैजेत ठरलं होतं.

कमु आली. घारी घेतली, चावली, तूप हनुवटीवर ओघळलं.

"हसून घे, कमुडी," जाळीच्या आतून तो म्हणाला. "उद्या कामावर यायचंय तुला."

"येते ना. पेचकस घेऊनच येते. डोकं हलवू नका, स्क्रूची भोकं धड आहेत का बघू दे." तिनं जाळी चारी बाजूंनी फिरवून पाहिली, नगीनभायची मान तिच्याबरोबर फिरली. "धड आहेत. मशीनला बसेल. तुम्हालाही बरी दिसते, पण द्यावी लागेल."

नगीनभाय काहीतरी सणसणीत बोलायला गेला आणि शिंकला. जाळी खणखणली, गल्ली हसली, आणि कमुनं दुसऱ्या घारीसाठी हात पुढे केला. डावा.