मागच्या भिंतीची ओल

आषाढ संपता संपता ठमाबाईंच्या घराच्या मागच्या भिंतीवर ताटाएवढा ओला डाग उमटला. जमिनीपासून वीतभर वर, धान्याच्या कोठीच्या मागे. सुनेनं, आरतीनं, कोठी सरकवून फडक्यानं पुसलं आणि म्हणाली, "आत्या, पावसाळाच हाये. येतीच की वल."

ठमाबाईंना ते पटलं नाही. डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, उतारावर त्यांची वाडी होती. घर सिमेंटचं, नऊ वर्षांपूर्वी बांधलेलं. इतक्या पावसाळ्यांत त्या भिंतीला ओल आली नव्हती. त्यांनी नातीची, संस्कृतीची, पेन्सिल घेतली आणि डागाच्या वरच्या कडेला बारीक रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी डाग रेघेच्या वर दोन बोटं गेला होता. तिसऱ्या दिवशी चार. त्या दिवशी भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातून पाणी झिरपायला लागलं.

ठमाबाईंची धाकटी बहीण माळीणला दिलेली होती. २०१४च्या जुलैत डोंगर खाली आला, त्यात बहीण, मेहुणे आणि दोन नातवंडं गेली. ठमाबाई ते कधी बोलून दाखवत नसत. पण पाऊस दोन दिवस सलग लागला की त्या जेवताना मध्येच हात थांबवून कान देत.

त्यांनी मुलाला फोन लावला. सुदर्शन मंचरला पंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, शनिवारीच घरी यायचा.

"आई, पावसाळ्यात कुणाच्या भिंतीला वल येत न्हाई?" तो म्हणाला.

"वरनं आली अस्ती तर मी बोलले नस्ते. ही खालनं येतीय. डोंगराच्या अंगानं."

सुदर्शननं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "उद्या सुट्टी टाकून येतो."

तो यायच्या आधीच ठमाबाईंनी संस्कृतीला घोडेगावला तिच्या मामाकडे पाठवायचं ठरवलं. आरतीला ते लागलं. शाळा बुडवून पोरीला घराबाहेर काढायचं, तेही एका डागापायी! पण सकाळी तिनं रेघ पाहिली, फरशीवर तळपाय टेकवला, आणि कोणी न सांगता पिशवी भरली.

सुदर्शननं आल्या आल्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. म्हणाला, नळाची लाइन कुठंतरी फुटली असेल. सगळ्यांनी दिवसभर बादलीतलं पाणी वापरलं. संध्याकाळी डाग होता तसाच होता, सांध्यातलं पाणीही चालूच होतं.

"मग न्हाणीचं आसंल," आरती म्हणाली.

"कळायचं कसं?" सुदर्शननं विचारलं.

त्यावर ठमाबाईंना भाताच्या खाचराची आठवण झाली. खाचराचा बांध खेकडं पोखरतात आणि पाणी गुपचूप निघून जातं. भोक सापडेना की त्यांचे मालक, सुदर्शनचे वडील, वरच्या खाचरातलं पाणी पायानं गढूळ करायचे आणि खाली येऊन बघायचे, लाल पाणी कुठून निघतंय ते.

"पर आता समदंच पाणी लाल हाये," त्या म्हणाल्या. "आरते, कपड्याची नीळ हाये का घरात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न्हाणीच्या मोरीत अर्धी बाटली नीळ ओतली आणि वरून चार बादल्या पाणी. आरतीनं पांढऱ्या धोतराचे तुकडे फाडले होते. ती ते भिंतीच्या सांध्यात दाबून धरी आणि उजेडात नेऊन बघे. दोन तास गेले. तुकडे ओले व्हायचे, पण पांढरेच.

आता फक्त वरची बाजू उरली. ठमाबाईंचा गुडघा दुखायचा. दोन वर्षं त्या घराच्या मागं चढून गेल्या नव्हत्या. सुदर्शनच्या खांद्याला धरून त्या वर गेल्या आणि थबकल्या.

घराच्या वर पन्नास-साठ पावलांवर त्यांच्या मालकांनी खणलेला चर होता. डोंगराचं पाणी अडवून बाजूच्या ओहोळात सोडणारा. तो दिसेचना. वरच्या शेजाऱ्यानं, सावळारामनं, मे महिन्यात जेसीबी लावून शेत सपाट केलं होतं आणि निघालेली माती खाली लोटली होती. चर बुजला होता. त्याच्या जागी एक खळगा तयार झाला होता आणि त्यात गुडघाभर पाणी.

"हेच आसंल आई," सुदर्शन म्हणाला.

"आसंल म्हणून भागायचं न्हाई. डोंगराच्या पोटातनं येत आसंल तर?"

मग ठमाबाईंनीच ठरवलं. खळग्यात नीळ ओतायची. खाली निळं पाणी आलं तर ठीक. नाही आलं, तर चारची एसटी धरून घर सोडायचं.

दुकानातून आणखी चार बाटल्या आणल्या, सगळ्या खळग्यात रिकाम्या केल्या. साडेअकरा वाजले होते. पावसानं उघडीप दिली होती, पण डोंगराच्या माथ्यावर ढग तसेच बसून होते.

बारा वाजले. तुकडा पांढरा. एक वाजला, पांढरा. कुणाला जेवण गेलं नाही. आरतीनं कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधली, दागिन्यांची डबी कपड्यात गुंडाळली. दोन वाजता ठमाबाईंनी गोठ्यातल्या दोन्ही शेळ्या सोडून शेजारच्या जानकूकडे नेऊन दिल्या. परत आल्यावर त्यांना भिंतीत बारीक टकटक ऐकू आल्यासारखं वाटलं. त्यांनी भिंतीला कान लावला. काही नव्हतं.

साडेतीन वाजता सुदर्शननं पिशव्या उचलल्या. "चला. एसटी आज येती का न्हाई तेबी म्हाईत न्हाई. रस्त्यावर जाऊन तर थांबू."

आरती दारात गेली आणि परत फिरली. "येकदा बघते."

तिनं तुकडा सांध्यात दाबला, मनातल्या मनात शंभर मोजले आणि तो दाराशी आणला. कडेला फिकट, अगदी फिकट निळसर झाक होती. तिला वाटलं, डोळ्यांनाच तसं दिसतंय. तिनं दुसरा तुकडा लावला. तो जरा जास्त निळा निघाला.

"आत्या!"

ठमाबाईंनी तो तुकडा दोन्ही हातांत धरला आणि उंबऱ्यावर खाली बसल्या. इतक्या वर्षांत सुनेनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आज त्या मोठ्यानं रडल्या.

संध्याकाळी सुदर्शन सावळारामला घेऊन आला. आधी तो तापलाच. "वैनी, माझं शेत मी माझ्या हद्दीत सपाट केलंय. तुमच्या घराला मी कशाला हात लावू?"

ठमाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी त्याला आत नेलं, पेन्सिलची रेघ दाखवली, निळे तुकडे दाखवले. "पोरगी मामाकडं धाडली सावळाराम. मला वाटलं, आमचीबी माळीण व्हतीय."

सावळारामनं भिंतीवर तळहात ठेवला. "ड्रायव्हरनं माती कुठं लोटली, मी बघितलंच न्हाई," तो हळूच म्हणाला. "उद्या फावडं घेऊन येतो."

सकाळी पाऊस पुन्हा लागला. डोक्यावर इरलं घेऊन सावळाराम, सुदर्शन आणि आरती यांनी दुपारपर्यंत माती उपसली. चर मोकळा झाला तसं पाणी खळखळत ओहोळाकडे वळलं. चार दिवसांत सांध्यातला पाझर थांबला. डाग वाळायला पुढचा महिना गेला, मागं खाराचा पांढरा थर सोडून.

तरी ठमाबाईंनी घोडेगावला जाऊन तहसील कचेरीत अर्ज दिलाच, एकदा डोंगर तपासून जा म्हणून. आरतीही सोबत गेली आणि येताना पोरीला घेऊन आली. वाडीतल्या आणखी तीन घरांनी आपापल्या मागची बाजू चढून पाहिली. एकाचा चर तसाच बुजलेला निघाला.

आता मोठी सर येऊन गेली की ठमाबाई काठी घेऊन मागच्या दारात येतात. चढायच्या आत वरून सावळारामची हाक येते, "वैनी, मी बघून आलोय. व्हातंय." मग त्या क्षणभर थांबतात, हात वर करतात, आणि तरीही एक-एक पाऊल टाकत वर चढायला लागतात.