कानशीखालचा सम्राट

घंटा निर्दोष उतरली होती, आणि झेली आनरिओचा जीव जळत होता तो त्यामुळेच. कुठे पोकळी राहिली असती, काठ फुटका निघाला असता, तर तिने मुकाट्याने ती फोडून पुन्हा भट्टीत घातली असती. पण साच्यातून बाहेर काढून लाकडी हातोडीने हलकेच ठोकल्यावर घंटेने असा स्वच्छ, लांब सूर दिला, की देवळाचे म्हातारे घंटावाले बाबोला बाकावरून उठून उभे राहिले. त्याच आठवड्यात बातमी आली. सेदानच्या लढाईत सम्राट प्रशियाच्या फौजेच्या हाती सापडला होता आणि पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं होतं.

घंटेच्या खांद्यावर दोन बोटं उंचीची उठावाची अक्षरं होती: ‘नेपोलियन तिसरा, फ्रेंचांचा सम्राट, याच्या राज्यात माझा जन्म झाला.’ खाली बारीक अक्षरांत, ‘झेली आनरिओने मला घडवलं, १८७०.’ वडील होते तोवर भट्टीपाशी झेलीच उभी असे, पण घंटेवर नाव त्यांचं पडे. तिचं स्वतःचं नाव लागलेली ही पहिली घंटा.

वोब्रां गावचे मेयर ग्रोमेर आले ते कपाळ पुसतच.

“ती वरची ओळ जायला हवी. रविवारी घंटेचं बारसं. नव्या सरकारचा साहेब येणार म्हणतात.”

“जूनमध्ये मी एक बोट उंचीची अक्षरं म्हणत होते,” झेली म्हणाली. “दोन बोटं तुम्ही करायला लावलीत.”

“जूनमध्ये तो सम्राट होता.”

“मी ‘फ्रान्सचा सम्राट’ एवढंच घालत होते. तुम्ही म्हणालात, राजे फ्रान्सचे असतात, हा फ्रेंचांचा, लोकांनी केलेला.”

“लोकांनी केला, लोकांनी काढला,” बाबोला बाकावरून म्हणाले. “पण मेयरसाहेब, पहिला मला ठाऊक आहे. हा तिसरा. मधला कुठे गेला?”

“पहिल्याचा मुलगा. बापाने गादी सोडताना त्याचं नाव पुढे केलं. चार वर्षांचं पोर, व्हिएन्नाला आजोबांकडे. पंधरवडाभर कागदोपत्री सम्राट होता म्हणतात.”

“म्हणजे बाकावर रुमाल टाकून जागा धरल्यासारखं.”

“आणि पहिल्याच्या या पुतण्याने त्या रुमालाचा मान राखला. स्वतःला तिसरा म्हणवलं.”

“मान राखायचा असता तर लढाईला गेलाच नसता,” बाबोला म्हणाले.

मेयरांनी आधी सोपा उपाय काढला. बायकोने शिवलेला तिरंगी पट्टा त्यांनी घंटेच्या खांद्याभोवती करकचून आवळला. अक्षरं झाकली गेली, वर प्रजासत्ताकाचा मानही झाला. ते खूश होऊन दोन पावलं मागे सरले. झेलीने हातोडी मारली. भिजल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला.

“घंटेला आवळलं की ती कंप पावत नाही,” ती म्हणाली. “कंप नाही तर सूर नाही.”

“साहेबासमोर वाजवायची तेवढी नको.”

“मग बारसं कशाचं करताय?”

दुसऱ्या दिवशी ते लोहार विर्जीलला छिन्नी-घणासकट घेऊन आले. झेली घंटेपुढे उभी राहिली. या धातूत कथील असतं, त्यामुळे तो काचेसारखा तडकतो. घणाचा एक घाव चुकला तर घंटा कायमची बद्द होईल, हे तिने विर्जीलला नीट समजावून सांगितलं. गावातल्या बायकांनी आपल्या तांब्याच्या कढया या घंटेत दिल्या होत्या. विर्जीलच्या आईने तर जॅम करायची कढई दिली होती. त्याने घण खाली ठेवला. “मला घरी जाऊन जेवायचंय,” तो मेयरांना म्हणाला.

“मी कानशीने घासून काढते,” झेली म्हणाली. “हळू होईल, पण घंटा वाचेल. पूर्ण ओळ काढते. एकदा काढली की परत येणार नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. ओतलेल्या घंटेतून कमी करता येतं, तिच्यात वाढवता येत नाही.”

या शेवटच्या वाक्याने घोटाळा केला. मेयर घंटेभोवती फिरत राहिले.

“बाबोला, वरच्या जुन्या घंटेवर तुमच्या वडिलांनी काय केलं होतं?”

“अठराशे चौदा साली पहिल्याचं नाव खरवडलं. पंधराच्या वसंतात तो परत आला, तेव्हा तुमचे वडील जिना चढून आले, म्हणाले, नाव परत लावा. लावणार कसं? रंगाने लिहिलं. जुलैत ते पुसलं. माझा बाप म्हणायचा, फ्रान्सवर कोण राज्य करतंय ते मला चिंधी घेतल्याशिवाय कळत नाही.”

मेयर हसले नाहीत. “या सम्राटालाही मुलगा आहे. उद्या तो आला तर?” मग त्यांचा चेहरा उजळला. “झेली, सगळी ओळ कशाला? फक्त ‘तिसरा’ काढ. उरला नुसता नेपोलियन, फ्रेंचांचा सम्राट. तो पहिला. तो मेलाय. मेलेल्याला कोण आक्षेप घेतंय? आणि मुलगा आला, तर त्याचं नावही तेच.”

“खाली १८७० आहे.”

“सालही काढ.”

“आणि माझं नाव?”

मेयरांनी मान खाली घातली. “पहिल्याच्या वेळी तू जन्मली नव्हतीस, पोरी. कोणी हिशेब केला तर पंचाईत.”

साच्यासाठी मेणाचं एकेक अक्षर झेलीने स्वतः चिकटवलं होतं. भट्टी पेटवल्यावर रात्र जागून काढली होती. आणि आता घंटेवर राहणार होता तो फक्त असा सम्राट, ज्याने या घंटेसाठी चमचाभर तांबं दिलं नव्हतं. जायचं होतं ते, ती कोणी केली आणि कधी केली, एवढंच.

“शहरात जाऊन वारा बघून येतो,” मेयर गाडीत चढत म्हणाले. “उद्या संध्याकाळपर्यंत सांगितलं तेवढं उरक.”

गाडी वळणाआड गेली. झेलीने सगळ्यात भरड कानस काढली.

“कुठून सुरुवात?” घंटेला टेकू देत बाबोलांनी विचारलं.

“नेपोलियनपासून.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, पण टेकू सोडला नाही. कानशीचा कर्कश आवाज दिवसभर अंगणात घुमत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘सम्राट’ गेला. ‘फ्रेंचांचा’ सर्वांत चिवट निघाला. तिथे तिच्या बोटांची सालटी निघाली. शेवटी खांद्यावर एक उघडा, चकचकीत पट्टा उरला, आणि त्याखाली तिचं नाव आणि साल, होतं तसं. तिने घंटा ठोकून पाहिली. सूर तोच होता.

मेयर परतले ते थेट घंटेपुढे येऊन उभे राहिले.

“हे मी सांगितलं नव्हतं.”

“पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतंत.”

“शहरात कोणालाच काही ठाऊक नाही. उद्या मुलगा आला आणि विचारलं, हे कोणी खरवडलं, तर मी काय सांगू?”

“खाली लिहिलंय ना,” झेली म्हणाली. “वाचायला सांगा.”

मेयरांनी वाकून ती बारीक ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

“खरंच की,” ते म्हणाले. “मग तुझं नाव राहायलाच हवं. अक्षरं जरा मोठी असती तर बरं झालं असतं.”

झेलीने हातातली कानस फेकली नाही. पुसून पेटीत ठेवली आणि बोटांना चिंधी गुंडाळू लागली.

“वाढवता येत नाहीत,” ती म्हणाली.