एकाच प्रश्नाला 'नाही'

“शॉवर यू मॅनेज ऑन युअर ओन?” होमकेअरच्या बाईंनी विचारलं.

“येस,” आई म्हणाली.

“ग्रोसरी?”

“येस.”

“मेडिसिन्स?”

“येस, येस.”

आई म्हणजे मंदाकिनी नाबर, वय एक्क्याऐंशी. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका लॅबमध्ये तिने एकतीस वर्षं रक्ताच्या स्लाइड तपासल्या. बाबा गेल्यापासून ती त्याच घरात एकटी राहते. तिला इथेच राहू द्यावं की वृद्धाश्रमात हलवावं, याची शिफारस बाई आजच्या उत्तरांवरून करणार होत्या.

मी शेजारी बसले होते. असल्या 'हो'ची मला सवय आहे. माझं पोटच त्यावर चालतं. खऱ्या कॉम्प्युटरच्या आत जे नकली कॉम्प्युटर चालवतात, त्यांना जागं करणारं फर्मवेअर मी लिहिते. मशीन सुरू झालं की फर्मवेअर आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं, तू अमुक सालची विंडोज आहेस का? म्हणजे तेवढं तुला जमतं का? लिनक्स ही दुसरीच सिस्टिम, विंडोज नव्हे, तरी ती बिनदिक्कत 'हो' म्हणते. खरं बोलणाऱ्याला फर्मवेअर कुणी धड न तपासलेल्या वाटेने पाठवतं, हे ती ठेचा खाऊन शिकली आहे.

मागच्या आठवड्यात असंच एक मशीन झोपवलं, ते उठलंच नाही. झोपेच्या प्रश्नाला त्याने 'हो' म्हटलं होतं आणि ते त्याला जमत नव्हतं. “सगळ्यालाच नो करून टाक, कटकट नको,” आमच्या ऑफिसातला नंदन म्हणाला. मी तेवढ्या एका प्रश्नापुरतं 'नाही' लिहिलं. मशीन चालतंय.

“स्टोव्ह सेफली वापरता?”

“येस.” या वेळी आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

महिन्याभरात दोनदा दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं होतं. दुसऱ्यांदा तर धूर बघून शेजारीण धावत आली. ते पातेलं आईने बेसमेंटमध्ये लपवलं होतं. मला ते सापडलं होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. “उल्का, डू यू अ‍ॅग्री?”

मला दोन्ही उत्तरांची भीती वाटत होती.

“स्टोव्ह, नो,” मी म्हणाले. “बाकी सगळं, येस.”

बाईंनी लिहून घेतलं. स्टोव्ह बंद ठेवा, तयार जेवण येईल, यांना इथेच राहू द्या; सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं सांगून त्या बूट चढवून गेल्या.

“घरचा भेदी,” आई म्हणाली.

“लंका जळू नये म्हणूनच बोलले.”

ती उठली. स्टोव्हची चारही बटणं तिने एकेक करून उपसली, साबणाने धुतली, पुसली आणि माझ्या हातात दिली. मला फार वाईट वाटलं.

मग तिने मायक्रोवेव्हमध्ये दोन कप पाणी ठेवलं आणि त्यात टीबॅग सोडल्या. न उकळलेल्या चहाला ती जन्मभर रंगीत पाणी म्हणत आली होती.

कप माझ्यापुढे ठेवून ती समोर बसली.

“झालाय ना बरा?”

“हो,” मी म्हणाले.