पीठ फुगायच्या खोलीचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. ठोठावू नका, मला सगळं ऐकू येतं. ऐकू येतं हेच तर माझं दुखणं आहे.

गल्लीतल्या बेकरीत, जिथे पीठ फुगायला ठेवत, त्या उबदार खोलीला मला बसवलं होतं. तिथली एक रीत होती. पिठाची घमेली आत ठेवली की मला बाहेरून कडी लावायची, कारण कोणी चुकून उघडलं आणि गार वारा लागला तर पीठ बसायचं. कडी लावायचं काम मालकाच्या धाकट्या लेकीचं, चिमीचं. टाचा उंचावून ती मोठ्या ऐटीत कडी सरकवायची.

एका दुपारी तिने रोजच्यासारखी कडी लावली. थोरला भाऊ आत पोत्यांमागे डुलकी घेत होता, हे तिला ठाऊक नव्हतं. तासाभराने भट्टीजवळच्या लाकडांनी पेट घेतला आणि खोलीत धूर भरला. "चिमे, उघड," तो आतून म्हणत होता. आधी चिडून, मग हळू. आरडाओरड्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं, पण कडी काढायला मला हात कुठे आहेत?

चिमीने येऊन कडी काढली तेव्हा उशीर झाला होता. "दरवाजा फुगून अडकला," मागून आलेलं कोणीतरी म्हणालं, आणि घाबरलेली पोर गप्प राहिली.

आमच्या गल्लीत पाच भाषा बोलतात. माणसं कुठून कुठून आलेली, नळावरून रोज भांडणारी. पण माझ्यावर खापर फोडण्यात सगळ्यांचं एकमत. पन्नास वर्षं मी पाचही भाषांत शिव्या खाल्ल्या.

यंदा त्यांनी गल्लीच्या इतिहासाचं नाटक बसवलं. लिहिलं शाळेतल्या बाईंनी, संवाद ज्याच्या त्याच्या भाषेत. सुतार म्हणाला, "खोटा दरवाजा कशाला करायचा? खरा माझ्याकडे पडलाय की." मला रंगमंचावर मधोमध उभा केला. मागे खोली नाही, नुसता काळा पडदा.

तालमीला बाई माझी कडी काढून ठेवायच्या. सगळे चहा पिऊन येईपर्यंत ती लागलेली असायची. "कोण चावटपणा करतंय?" बाई विचारायच्या. शपथेवर सांगतो, मी नव्हे. पण माझ्या पाठीला ऊब लागायची आणि आंबलेल्या पिठाचा वास यायचा.

चिमी आता साठीची, साऱ्या गल्लीची मावशी. नाटकात तिला तिच्याच आईचं काम होतं, वाक्य एकच: "दरवाजा अडकला हो." तालमीत तेही तिच्या तोंडून निघायचं नाही. वय झालं, असं सगळे म्हणायचे.

प्रयोगाच्या संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि मागून टकटक झाली. "चिमे, उघड."

विंगेत बाईंनी घाईघाईने वही चाळली. त्यात हे वाक्य नव्हतं. तिला चिमी म्हणणारं तर गल्लीत कोणी उरलंच नव्हतं.

मावशी प्रेक्षकांकडे वळली. "दरवाजा अडकला नव्हता," ती म्हणाली. "कडी मी लावली होती. आत कोणी आहे का, विचारलंच नाही मी."

मग तिने कडी काढली. लोकांना मागचा पडदा तेवढा दिसला. माझ्यातून मात्र कोणीतरी बाहेर गेलं. दरवाजाला ते कळतं.

आता मी नाटक झालं त्या हॉलच्या अडगळीत भिंतीला टेकून असतो. मला कोणी शिव्या देत नाही. मावशी रोज येते, माझ्यावर हलकेच टकटक करते आणि विचारते, "दादा, आहेस का आत?" थोडा वेळ कान लावते. उत्तर येत नाही, मग ती शांतपणे घरी जाते.

तुम्हीही कडी लावण्याआधी आत हाक मारत जा. खोली रिकामी असल्याची खात्री असली, तरी मारा.