आतल्या खोलीपर्यंत नेट

आमचा राउटर पुढच्या खोलीत, खिडकीजवळ. आतल्या खोलीपर्यंत त्याचं काही पोचत नाही. मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. माझी ही होती तोवर कुणाचं अडलं नव्हतं. शेवटचं वर्षभर ती त्या आतल्या खोलीतच पडून होती, पण फोनमध्ये तिचा जीव उरला नव्हता.

ही गेली आणि मुलगी येऊन राहिली. तिच्या ऑफिसनं सांगितलं, वडिलांकडून काम करा, पण लाइन तुटता कामा नये. पुढच्या खोलीत रस्त्याचा गोंगाट. म्हणून ती न्हाणीघराच्या दाराशी स्टूल टाकून बसायची. तिथवर नेट यायचं. एकदा ती साहेबाशी बोलत असताना मी आत नळ सोडला. साहेब म्हणाला, "तुमच्याकडे पाऊस लागलाय वाटतं."

शेवटी ती म्हणाली, "बाबा, असं नाही निभायचं. आतल्या खोलीत नेट आलं तर मी दोन-तीन महिने राहते. नाही आलं तर रविवारी निघते. घरी तसं सांगून ठेवलंय."

घरी म्हणजे जावई आणि नात. नात पहिलीत आहे.

मी चपला घातल्या आणि कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. मला ती राहायला हवी होती. माझ्याशी बोलली नाही तरी चाललं असतं. घरात कुणीतरी खोकतंय, कुणीतरी दार लावतंय, एवढं पुरे होतं. नाही तर संध्याकाळ झाली की घर खायला उठतं.

दुकानदार म्हणाला, "काका, जुन्या राउटरला हात लावायचा नाही. त्यातनं वायर काढा, आत न्या, तिथं हा दुसरा लावा."

"मला जमेल?"

"जन्मभर काय केलंत?"

"छापखान्यात होतो."

"मग झालं तर. तिथं हात काळे व्हायचे, इथं तेही नाही."

वायर मी भिंतीच्या कडेनं नेली. एकदा खाली बसलो की मला लवकर उठवत नाही, म्हणून बसल्या बसल्याच सरकत गेलो आणि क्लिपा ठोकत गेलो. आतल्या खोलीच्या भिंतीला भोक आधीचंच होतं. हिच्या खाटेपाशी मी बेल बसवली होती, तिची वायर त्यातून गेलेली. दोन्ही वायरी त्यात मावेनात. बेलची ओढून काढली, गुंडाळून खिशात ठेवली, आणि नवी आत सारली. मग जरा वेळ भिंतीला टेकून बसलो. दमलो होतो.

दोन्हीकडे वायर लावून बटण दाबलं. नव्या राउटरचे दिवे लागले आणि न्हाणीघराकडून मुलगी ओरडली.

"बाबा! काय केलंत? सगळ्यांसमोर तोंड उघडं असताना गोठले मी!"

"तोंड मिटून बसावं माणसानं. तुझी आई सांगून दमली."

"थट्टा सुचतेय तुम्हाला! सगळ्या घराचं नेट गेलंय."

दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. तो हसायला लागला. "काका, एका घरात दोन कारभारी झाले. दोघांचा पत्ता एकच, आणि घरातल्या फोनना नंबर दोघंही वाटताहेत. कुणाचं ऐकायचं ते फोनना कळेना. नव्याची वायर काढा. नुसत्या त्यालाच लॅपटॉप जोडा. त्याचा पत्ता बदला आणि नंबर वाटायचं काम बंद करा. नाव आणि पासवर्ड मात्र जुन्याचाच द्या. मग वायर परत लावा, आत्ता होती तशीच पिवळ्या चारांपैकी एका भोकात, निळ्यात नाही. कारभार जुन्याकडेच राहील. नव्यानं फक्त आलेलं पुढं द्यायचं."

"रिटायर झालेल्या बापासारखं," मुलगी लॅपटॉप उघडता उघडता म्हणाली. "आलेलं पुढं द्यायचं, मध्ये बोलायचं नाही."

पुष्कळ दिवसांनी तिची जीभ अशी चालली. मला बरं वाटलं.

तो सांगत गेला तसं ती करत गेली. मी वायर परत पिवळ्या भोकात घातली. ती मोबाइल घेऊन पुढच्या खोलीतून आत आली, कपाटाच्या पलीकडे गेली, हिच्या खाटेवर बसली. "आलं," म्हणाली. "पुरं आलं, बाबा."

पहिला फोन तिनं घरीच लावला. एरवी त्या फोनवर नातीचं तोंड म्हणजे नुसते चौकोन असायचे, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. आज ती लख्ख दिसली. वेण्या जावयानं घातलेल्या, एक कानावर, एक मानेवर.

"या काय वेण्या?" मुलगी म्हणाली.

"बाबांनी घातल्या. बाईंनी शाळेत सोडून परत घातल्या, त्या पण सुटल्या, मग बाबांनी परत घातल्या." मग ती थांबली. "आई, तू नीट दिसतेयस. नेट लागलं?"

"लागलं. आजोबांनी लावलं."

तिकडून काहीच आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. मुलीलाही तसंच वाटलं, तिनं मोबाइल हलवून पाहिला. लाइन गेली नव्हती.

"आजोबांना दे," नात म्हणाली.

मी खाली जमिनीवरच बसलो होतो. मुलीनं मोबाइल माझ्यासमोर धरला.

"आजोबा, तुमचं नेट बंद कधी पडतं?"

रडत नव्हती. दुकान कधी बंद होतं असं विचारावं तसं विचारलं.

"अगं, असं विचारतात का?" मुलगी म्हणाली. पण मोबाइल धरलेला हात तसाच ठेवून तिनं तोंड भिंतीकडे केलं.

"रविवारी पडतं," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. मीच जोडलंय ना, मला ठाऊक."

नात एवढ्या जोरानं पळाली की तिकडचा फोन आडवा पडला. छताचा पंखा दिसायला लागला आणि लांबून जावयाला 'आई रविवारी येणार' असं सांगितलेलं ऐकू आलं. एक शब्द तुटला नाही.

मुलीनं फोन बंद केला. "सकाळपासून राबलात, बाबा. बोटं सुजलीत. आणि आता हे काय मध्येच?"

"गाडीचं तिकीट बघ. आता इथं बसून बघता येतं."

"आणि तुम्ही?"

"मी आहे की इथंच."

तिनं नाक पुसलं आणि तिकीट बघायला लागली. मी खाटेच्या दांड्याला धरून उठलो, आणि हातोडी आणि उरलेल्या क्लिपा गोळा करायला लागलो.