पेन्सिलीच्या तीन ओळी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, पण माझ्याकडे बघून तुम्हाला ते पटायचं नाही. अंगावर ना डाग, ना सुरकुती. माझी सगळी गोष्ट त्या कोरेपणाचीच आहे.

माझा जन्म १९५९ साली ओहायोतल्या एका छापखान्यात झाला. विलो लेक नावाच्या करमणुकीच्या बागेत शिरणाऱ्या प्रत्येकाला माझ्यासारखा एक नकाशा मिळे. माझी बहुतेक भावंडं संध्याकाळपर्यंत कचऱ्यात गेली. मला अकरा वर्षांच्या रॉलिनने घरी नेलं. माझ्यावर मोहरीचा सॉस सांडला, घडी भलतीच घातली आणि परतताना मोटारीत बसून माझ्या कोपऱ्यात पेन्सिल दाबून दाबून लिहिलं: ‘आर्लीन इथे रडली. लांडग्याला घाबरली. पुढच्या वर्षी मी तिला पहिल्या डब्यात बसवणार.’ लांडगा म्हणजे तिथला लाकडी रोलर कोस्टर, आणि आर्लीन ही त्याची सात वर्षांची बहीण.

पुढच्या उन्हाळ्यात कुणी गेलंच नाही. त्याआधीच डिसेंबरात तळ्यावरचा बर्फ पायाखाली फुटला आणि रॉलिन बुडाला. त्याच्या हातचं म्हणून माझ्यावरच्या तीन ओळी तेवढ्या उरल्या. आर्लीन साठ वर्षं त्यांवरून बोट फिरवत राहिली. “रडले नव्हते मी, खोटारड्या!” असं म्हणून भांडायचीसुद्धा. मला तेव्हा फार बरं वाटे.

मग ती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात गेली आणि जावयाने घर आवरायला काढलं. अंगणात विकायला मांडलेल्या अडगळीतून, मी ज्यात होतो तो खोका मर्लने उचलला.

मर्ल अशा बागांची तिकिटं, पत्रकं, नकाशे जमवतो. त्या लोकांत मान असतो तो कोऱ्या कागदाला. कुणी काही लिहिलं की कागद बाटला! मर्लने सॉसचा डाग काढला, मला वजनाखाली दाबून सरळ केलं आणि कणकेसारख्या मऊ रबराने तीन दिवस ती अक्षरं टिपून घेतली. “बघ, कसा नवा केला तुला!” तो कौतुकाने म्हणाला. मित्रांनो, एवढ्या मायेने कुणी कुणाचा गळा दाबला नसेल.

दोन वर्षांनी वसंतात संग्राहकांचा मेळावा भरला. मला पहिल्या क्रमांकाची निळी फीत मिळाली. दुपारी काठी टेकत आर्लीन आली. खोका कुणा संग्राहकाने नेला एवढंच जावयाकडून कळल्यापासून, असे मेळावे ती दोन वर्षं धुंडाळत होती.

“अहो, विलो लेकचा नकाशा आहे का? कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला? माझ्या भावाचं अक्षर आहे हो.”

मर्लने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं आठवलं होतं. “नाही बाई. खरडलेली रद्दी मी ठेवत नाही.”

तिने मला प्लास्टिकच्या पिशवीसकट उचललं. “हा किती छान आहे. जरा बाहेर काढून देता? माझ्या बोटांना कळतं.”

“छे, छे! हात लागले की कागद खराब होतो.”

तिने मला हळूच खाली ठेवलं. “असू दे. हा काही आमचा नव्हे,” म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

शेजारचा लायल कुजबुजला, “अरे, हाच ना तो, तू साफ केलेला?”

“गप रे! साफ केलेला आहे हे कळलं, तर फीत काढून घेतील.”

मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. कुणाच्या घरचा कागद हाती आला, तर पुसण्याआधी तो वाचा आणि ज्याचा आहे त्याला शोधा. मर्ल मला रोज जपतो. पेन्सिल पुसली गेली, पण रॉलिनने इतकं दाबून लिहिलं होतं की माझ्या पाठीवर ती अक्षरं अजून उठलेली आहेत. आर्लीनचं बोट त्यांच्यापासून एका प्लास्टिकच्या जाडीइतकंच दूर होतं.